राग येतो कुठून, लाज शिकवते कोण?

मागच्या अंकात लहान मुलांच्या भीतीविषयी लिहिताना मी या सदरात असे म्हटले होते की, भावना माणूस जन्मतःच घेऊन येतो हे अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे त्याला घर, गाव आणि भाषा शिकवते. त्या एका वाक्यावर गोव्यातल्या पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या वाचकांनी पत्रे पाठवली. काहींना ते पटले, काहींना मुळीच पटले नाही, आणि काहींनी आपल्या घरातला एखादा प्रसंग लिहून ‘मग याचे काय?’ असे विचारले. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझी साडेतीन वर्षांची नात आईवडिलांबरोबर पुण्याला असते. यंदा पावसाळ्यात ती आमच्याकडे वाळपईला आली. पहिले चार दिवस ती सोप्यावर बसून अंगणातल्या बेब्याशी, म्हणजे बेडकाशी, गप्पा मारीत होती. पाचव्या दिवशी बेबो उडी मारून स्वयंपाकघरात शिरला. सून किंचाळली आणि तिने पोरीला उचलून छातीशी धरले. त्या दिवसापासून बेबो दिसला की नात थरथरते. भीती उपजत असते असे आम्ही ऐकत आलो. मग पहिले चार दिवस ती भीती होती कुठे?

उत्तर : आपला प्रश्न फार नेमका आहे. चार दिवस नसलेली भीती पाचव्या दिवशी कशी आली, हे आपण सोप्यावर बसून पाहिलेत. मानसशास्त्रज्ञांना तेच पाहण्यासाठी प्रयोगशाळा उभारावी लागली होती. १९२० साली अमेरिकेत जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी अकरा महिन्यांच्या एका बाळापुढे पांढरा उंदीर ठेवला. बाळाने त्याला धरायला हात पुढे केला. त्याचा हात उंदराला लागला की मागे उभा असलेला प्रयोगकर्ता पोलादी कांबीवर हातोडा आपटून मोठा आवाज करी. काही वेळा असे घडल्यावर आवाज न करताही नुसता उंदीर पाहून ते बाळ रडू लागले, आणि पुढे सशाला आणि केसाळ कोटालाही भिऊ लागले. मी महाविद्यालयात हा प्रयोग अनेक वर्षे शिकवला आणि दर वर्षी शिकवताना मला त्याचा संताप आला, कारण बाळाच्या मनात घातलेली ती भीती काढण्याचे कष्ट न घेताच त्यांनी त्याला घरी जाऊ दिले.

आपल्या घरी हातोडा नव्हता. आईची किंकाळी होती आणि आईचा चेहरा होता, आणि इतक्या लहान वयात त्यापुढे हातोडा काहीच नाही. १९८५ साली जेम्स सोर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात वर्षभराच्या मुलांना एका मोठ्या काचेवर रांगायला सोडले होते. अर्ध्या वाटेवर काचेखाली सुमारे ३० सेंटिमीटर खोल खड्डा दिसत असे. पडण्याचा धोका काहीच नव्हता, पण मुलाला ते कळणार कसे? ते थबके आणि पलीकडे उभ्या असलेल्या आईच्या तोंडाकडे पाही. आईने चेहरा हसरा ठेवला तेव्हा १९ पैकी १४ मुले पलीकडे गेली. आईने भेदरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही मूल पुढे सरकले नाही. खड्डा तोच होता, काच तीच होती. भ्यायचे की नाही हे मुलाने आईच्या चेहऱ्यावर वाचले. आपल्या नातीनेही तेच केले.

तरीही आपण ऐकत आलात ते सगळेच खोटे नाही. प्रयोगशाळेत वाढलेली माकडे सापाला भीत नाहीत, मात्र रानात वाढलेल्या माकडाला सापापुढे घाबरताना पाहिले की ती लगेच भिऊ लागतात, हे सुझन मिनेका यांनी दाखवले. पुढे त्यांनी आणि मायकेल कुक यांनी चित्रफितीत फेरफार करून असे दृश्य तयार केले की, एखादे माकड जणू फुलालाच घाबरत आहे. ते पाहून मात्र बाकीची माकडे फुलांना भ्यायला शिकली नाहीत. म्हणजे काही भीती शिकायला शरीर आधीच तयार असते आणि काही शिकवूनही रुजत नाहीत. जमीन उपजत असते, पेरणी घरचे करतात, असे आपण शेतीच्या भाषेत म्हणू शकतो.

शिकलेले उतरवताही येते. आमच्या गावच्या जत्रेत रात्री काला, म्हणजे दशावतारी खेळ, असे. काळ्या वेषातला, लाल जीभ लोंबणारा संकासुर राक्षस पहिल्यांदा मांडवात आला तेव्हा मी आजीच्या पदरात तोंड खुपसून ओरडलो होतो, असे घरचे सांगत. मला आठवते ते पुढच्या वर्षीचे. संकासुर आला आणि माझ्या पाठीला टेकलेले आजीचे पोट हसण्याने हलू लागले. ती हसत होती हे मला दिसले नाही, पाठीला कळले. मी डोळे उघडले आणि पाहत राहिलो. त्यानंतरच्या वर्षी संकासुर कधी येतो म्हणून मी जागा राहिलो होतो.

मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली सशाला भिणाऱ्या एका लहान मुलाची भीती याच वाटेने घालवली. मूल आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा दूर ठेवायचा आणि रोज थोडा जवळ आणायचा. सोबतीला न भिणारी इतर मुले ठेवायची. नात पुन्हा येईल तेव्हा तिला सोप्यावर आपल्या मांडीवर घ्या, हातात हळदीच्या पानातली पातोळी द्या, आणि बेबो अंगणाच्या पार त्या टोकाला असेल तेव्हा त्याच्याशी आपण गप्पा मारा. तिला बोलायला लावू नका. आणि सुनेला बोल लावू नका. ती किंचाळली तेही तिला कुणाकडून तरी मिळालेलेच आहे.

प्रश्न : मी पणजीला मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. आमच्या पुस्तकात मूलभूत भावना सहा आहेत असे दिले आहे. नाट्यशास्त्रात स्थायीभाव आठ आहेत. माझी आजी मात्र रोज तिन्हीसांजेला ‘हुरहुर लागली’ म्हणते, आणि ती हुरहुर ना सहांत सापडते ना आठांत. मोजणी कुणाची बरोबर मानायची?

उत्तर : तुमच्या पुस्तकातले सहा म्हणजे आनंद, दुःख, राग, भीती, किळस आणि आश्चर्य. या यादीमागे चार्ल्स डार्विन यांचे १८७२ सालचे निरीक्षण आहे की, माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावमुद्रांत नाते दिसते. आणि त्यावर मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस पापुआ न्यू गिनीतील फोरे लोकांमध्ये केलेले काम आहे. बाहेरच्या जगाशी फारसा संबंध न आलेल्या या लोकांना छोट्या गोष्टी सांगून त्यांना जुळणारा चेहरा छायाचित्रांतून निवडायला सांगितले, तेव्हा बहुतेक चेहरे त्यांनी आपण निवडू तसेच निवडले. भीती आणि आश्चर्य यांची मात्र त्यांच्याकडून गल्लत झाली. ही गल्लत मला निष्कर्षाइतकीच महत्त्वाची वाटते.

आता नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरतमुनींची स्थायी, म्हणजे टिकून राहणाऱ्या, भावांची यादी शेजारी ठेवा : रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय. दोन याद्या इतक्या जवळ आल्या आहेत की मन थक्क होते. पण फरक कुठे आहे ते पाहा. भरतांकडे रती आणि उत्साह आहेत, एकमन यांच्याकडे ते नाहीत. आनंदाच्या जागी भरतांनी हास ठेवला आहे; हर्ष त्यांच्याकडे स्थायीभावांत नाही, तो तेहतीस व्यभिचारी, म्हणजे येऊन जाणाऱ्या, भावांत आहे. आठ स्थायी, तेहतीस व्यभिचारी आणि घाम, रोमांच यांसारखे शरीरावर उमटणारे आठ सात्त्विक मिळून एकूण ४९ भाव होतात. ही मोजणी करणारा ऋषी माणसाचे छायाचित्र हातात घेऊन बसलेला नव्हता. रंगमंचावर काय दाखवले असता प्रेक्षकाच्या मनात रस निर्माण होतो, हा त्याचा प्रश्न होता. नंतरच्या परंपरेने शांत हा नववा रस मानला, आणि दहाव्या-अकराव्या शतकातील काश्मीरच्या अभिनवगुप्तांनी त्याची जोरदार बाजू मांडली. म्हणजे यादीही काळाबरोबर आणि गरजेबरोबर बदलली. दोन्ही मोजण्या आपापल्या कामापुरत्या बरोबर आहेत, असे माझे मत आहे.

सहाची यादी सर्वत्र तशीच्या तशी लागू पडत नाही याचे पुरावेही पुढे आले. नामिबियातील हिंबा लोकांना चेहऱ्यांची छायाचित्रे देऊन, कोणतेही शब्द न पुरवता, ‘सारखे वाटतील ते एकत्र ठेवा’ असे सांगितले, तेव्हा त्यांनी सहा ढीग केले नाहीत. त्यांनी ढिगांना नावे दिली तीही ‘हसतो आहे’, ‘बघतो आहे’ अशी, कृतीची दिली. हे काम मारिया जेंड्रोन, लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केले. शब्द आधी हातात दिला की चेहऱ्यात भावना दिसते, आणि शब्द काढून घेतला की ती पुसट होते, एवढे तरी यातून मानावे लागते.

म्हणूनच तुमच्या आजीच्या शब्दाकडे वळू या. हुरहुर म्हणजे काय, हे आपण मराठी माणसे कधीच एकमेकांना समजावून सांगत नाही, आणि तरी ती रुखरुखीत मिसळू देत नाही. मुलगी सासरी गेल्यावर रिकाम्या खोलीत लागते ती हुरहुर. तिला निघताना हवे ते बोलायचे राहिले याची राहते ती रुखरुख. बस सुटताना तिचा चेहरा नीट दिसला नाही याची लागते ती चुटपुट. आणि तिच्या शेजारणीचे घर पावसात पडले हे ऐकून वाटते ती हळहळ. हे चारही शब्द ‘दुःख’ या एका डब्यात टाकता येतात, पण मग आजीला काय होते ते कधीच कळणार नाही. तिन्हीसांजेला गुरे परतणे, दिवा लागणे, आणि त्या वेळी दूर असलेल्यांची नावे घेणे, हे लहानपणापासून पाहत आलेल्या शरीराला ती वेळ झाली की हुरहुर लागते. शब्द, वेळ आणि भावना एकदमच शिकलेल्या असतात.

कॅथरीन लुट्झ या मानववंशशास्त्रज्ञ प्रशांत महासागरातील इफालुक बेटावर राहिल्या होत्या. एकदा एक पाच वर्षांची मुलगी त्यांच्यासमोर नाचत, वेडीवाकडी तोंडे करीत होती. लुट्झ यांना ते गोड वाटले आणि त्या हसल्या. शेजारी बसलेल्या बाईने त्यांना सांगितले, ‘हसू नका, नाहीतर तिला वाटेल की तुम्हाला सोंग आलेला नाही.’ सोंग हा त्या भाषेतला शब्द आहे; आपल्या सोंगाशी त्याचा संबंध नाही. दुसऱ्याने मर्यादा मोडली असता मोठ्या माणसाला यायलाच हवा असा न्याय्य राग, असा त्याचा अर्थ होतो. तिथे फार खुशीत आलेले मूल बेफिकीर होते असे मानतात, म्हणून आपण ज्या क्षणी कौतुक करू त्या क्षणी तिथल्या बायका सोंग दाखवतात. आणि कौतुक हा शब्द तरी दुसऱ्या भाषेत कुठे नेमका सापडतो?

गोव्यात राहणाऱ्यांना याचे नवल वाटू नये. आपण घरात मराठी वाचतो, अंगणात कोंकणी बोलतो, आणि पोर्तुगीजांनी मागे ठेवलेले शब्द दोन्हीकडे वापरतो. कोंकणीतला मोग प्रियकराचाही असतो, देवाचाही असतो आणि गावाचाही असतो. मराठीत येताना आपण त्याचे प्रेम, भक्ती आणि ओढ असे तीन वाटे करतो. पोर्तुगीज ‘सोसेगादु’वरून आलेला सुशेगाद हा शब्द गोंयकाराला दुपारच्या एका विशिष्ट स्वस्थतेचे नाव पुरवतो, आणि बाहेरचा माणूस त्याच स्वस्थतेला आळस म्हणतो. मांडो हे कोंकणी गीत ऐकताना दाटून येणारी विरहाची ओढ जाणत्यांना पोर्तुगीजांच्या ‘सावदाद’ची, म्हणजे दुरावलेल्याच्या ओढीची, आठवण करून देते. तुमच्या आजीची हुरहुर त्या ओढीची बहीण असावी, पण जुळी नव्हे. तुम्हाला प्रबंधाला विषय हवा असेल तर आजीजवळ वही घेऊन बसा. तिच्या पिढीचे हे शब्द कुणीतरी प्रसंगांसह उतरवून ठेवायला हवेत.

प्रश्न : आम्ही मूळचे नागपूरचे, बदलीमुळे मडगावला आलो. पावसाळ्याआधी बाजारात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायची, सुकी मासळी येते तेव्हा त्या वासाने माझ्या पोटात ढवळून येते. माझी सहा वर्षांची मुलगी मात्र शेजारच्या घरी सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर मिटक्या मारीत खाते. एकाच घरातल्या दोघांची किळस वेगळी कशी?

उत्तर : सगळ्या भावनांत किळस सर्वांत जास्त शिकलेली असते, असे म्हणायला हरकत नाही. कडू चवीला तोंड वाकडे करणे तान्ह्या बाळालाही येते, पण अमुक वस्तू घाण आहे ही समज नंतरची आहे. पॉल रोझिन यांनी या विषयावर दीर्घकाळ काम केले. दोन वर्षांच्या आतली मुले समोर येईल ते बिनदिक्कत तोंडात घालतात आणि मोठ्यांचे चेहरे पाहत पाहत किळस शिकतात, असे त्यांच्या कामातून दिसते. आपली यादी नागपुरात पक्की झाली, मुलीची मडगावात होते आहे. ती किसमूर खात असताना आपण नाक मुरडले नाही, एवढे पुरे आहे.

प्रश्न : मी म्हापशाचा. तीन महिन्यांपूर्वी वडील वारले. माझा थोरला भाऊ बावीस वर्षे बोटीवर होता, गेल्या वर्षी कायमचा घरी आला. वडिलांना उचलले तेव्हा त्याने डोळ्यांतून टिपूस काढले नाही. वाड्यावरची माणसे अजून बोलतात की, तारवटी माणसाचे काळीज दगडाचे. मलाही रात्री वाटते की त्याला बाबांची माया नव्हतीच की काय. वडील देवळातल्या भजनात पेटी वाजवीत. भाऊ रोज पहाटे उठून ती पेटी खोलीतून बाहेर आणतो, फडक्याने पुसतो आणि परत नेऊन ठेवतो. वाजवीत नाही, कुणाशी बोलतही नाही. याला काय म्हणावे?

उत्तर : आपले पत्र मी एकदा वाचून बाजूला ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचले. आपण प्रश्न विचारला आहे, पण पेटीची हकीकत लिहून त्याचे उत्तरही आपणच दिले आहे.

दुःख होणे आणि दुःख दिसणे या दोन गोष्टी वेगवेगळ्या शिकाव्या लागतात. एकमन आणि त्यांचे सहकारी वॉलेस फ्रीझन यांनी जपानी आणि अमेरिकन विद्यार्थ्यांना शरीराला यातना होत असल्याच्या चित्रफिती दाखवल्या. एकटे असताना दोघांचेही चेहरे जवळपास सारखेच पिळवटले. पण अधिकारी वाटेल असा माणूस खोलीत येऊन बसला तेव्हा जपानी विद्यार्थ्यांनी चेहऱ्यावर हसू आणून ती वेदना झाकली. अमेरिकनांनी तितकी झाकली नाही. कुणासमोर, किती आणि केव्हा दाखवायचे याचे प्रत्येक समाजाचे नियम असतात आणि ते शाळेत जाण्याच्या आधीच अंगात मुरलेले असतात.

आपल्याकडचे नियम तर फार जुने आहेत. नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात शोकाविषयी सांगताना भरत म्हणतात की, उत्तम आणि मध्यम पात्रांचा शोक धैर्याने दाखवावा आणि हलक्या पात्रांचा रडण्याने. बायकांनाही त्यांनी रडणाऱ्यांच्याच बाजूला बसवले आहे. या वाटणीत जो उच्चनीच भाव आहे तो मला मान्य नाही, पण पुरुषाने अश्रू गिळावेत ही शिकवण किती खोल गेलेली आहे ते त्यावरून दिसते. आपल्या गावांतही मयताच्या घरी बायका गेलेल्याचे गुण उच्चारून मोठ्याने रडतात आणि पुरुष लाकडे, भटजी, फोन आणि खुर्च्या यांत गुंततात. शेजारच्या ख्रिस्ती घरी काळे कपडे, चर्चची घंटा आणि दफनापर्यंतची शांत मिरवणूक असते. एका वाड्यावरच्या दोन घरांत दुःखाची अंगवळणी पडलेली रीत इतकी वेगळी असते, आणि तरी आपण तिसऱ्या माणसाचे काळीज त्याच्या डोळ्यांतल्या पाण्यावर मोजतो.

आता आपल्या भावाने हे नियम कुठे शिकले ते पाहा. बोटीवरच्या माणसाला घरची बातमी उशिरा पोचत असे, आणि पोचली त्या वेळी त्याची पाळी चालू असली तर पाळीवरच उभे राहावे लागे. सोबत निरनिराळ्या देशांचे, निरनिराळ्या भाषांचे लोक, रडायला खांदा नाही आणि खोलीही स्वतःची नाही. आजी गेली, चुलता गेला, शेजारी गेले, ते सगळे त्याने असेच ऐकले असणार. अशा बावीस वर्षांत माणूस प्रेक्षकांविना दुःख करायला शिकतो. वाड्यासमोर रडण्याची रीत आपण रोज पाहत वाढलात. त्याची ती सवय सुटली.

रॉबर्ट लेव्ही हे मनोविकारतज्ज्ञ ताहिती बेटांवर काम करीत होते. तिथल्या भाषेत आपल्या ‘दुःखा’ला नेमका शब्द नाही, असे त्यांना आढळले. बायको-मुलाची ताटातूट झालेला माणूस स्वतःला दुःखी म्हणत नसे. अंग जड झाले आहे, थकवा आला आहे, आजारी वाटते आहे, असे सांगत असे. ज्या समाजाने शब्द पुरवला नाही तिथे दुःख शरीरातून वाट काढते. आपल्या भावाजवळ शब्द असतील, पण ते उच्चारायची सवय नसेल, तर ते हातांतून वाट काढील. पहाटेचे ते फडके मला तसे वाटते. पेटी वाजवणे हे वडिलांचे काम होते आणि ती सांभाळणे हे मुलाचे, असे काहीतरी त्याच्या मनाने ठरवले असावे.

तरीही एक सावधगिरी सांगणे माझे कर्तव्य आहे. चेहरा दाबून ठेवला म्हणून आतले शांत होत नाही. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी १९९०च्या दशकात केलेल्या प्रयोगांत, चित्रफीत पाहताना भाव चेहऱ्यावर येऊ देऊ नका असे सांगितलेल्या माणसांच्या शरीरावरचा ताण वाढलेला दिसला. भावाची झोप उडाली असेल, जेवण सुटले असेल, दारू वाढली असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे तो बोलला असेल, तर थांबू नका. बांबोळीच्या मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेत त्याला घेऊन जा आणि स्वतःही त्याच्याबरोबर आत बसा. यांतले काही नसेल तर एखाद्या पहाटे आपणही उठा. काही विचारू नका. पेटीचा भाता एका बाजूने धरा, म्हणजे त्याला दुसरी बाजू नीट पुसता येईल.

प्रश्न : मी फोंड्याचा, वय ५८. राग हा आमच्या रक्तात आहे. आजोबांचा राग पंचक्रोशीला ठाऊक होता, वडिलांचाही. मी रागाच्या भरात ताट भिरकावतो आणि तासाभराने मलाच वाईट वाटते. आता सतरा वर्षांचा मुलगाही तसाच निघाला आहे. बाहेर मात्र मी असा नाही. देवस्थानच्या महाजनांच्या बैठकीत इतरांची भांडणे मीच सोडवतो. रक्तातला राग या वयात जातो का?

उत्तर : मराठीत आपण ‘मला राग आला’ असे म्हणतो. राग कर्ता असतो आणि आपण नुसते त्याचे घर असतो. भीती वाटते, लाज वाटते, गहिवर येतो, रडू फुटते. या सगळ्या वाक्यांत आपल्याकडे काहीच काम नसते. पण त्याच भाषेत आपण राग धरतो, राग काढतो, राग गिळतो आणि राग आवरतो असेही म्हणतो, आणि तिथे कर्ते आपण असतो. भाषेने दोन्ही नोंदी ठेवल्या आहेत. राग येण्यावर आपला ताबा थोडा असतो. आल्यानंतरचे जवळजवळ सगळे शिकलेले असते. काही मुले जन्मतः जास्त चटकन भडकणारी असतात हे मी नाकारत नाही. परंतु ताट भिरकावणे रक्तात नसते. ते आपण आजोबांच्या पंगतीत पाहिले.

१९६०च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ जीन ब्रिग्ज या कॅनडाच्या उत्तरेकडील उत्कू इन्युइट लोकांत राहिल्या होत्या. या समाजात मोठ्या माणसाने रागावणे हे पोरकटपणाचे लक्षण मानतात. लहान मूल चिडले तर त्याला अजून समज आलेली नाही एवढेच म्हणतात आणि त्याच्यावर आवाज चढवत नाहीत. एकदा बाहेरून आलेल्या मासेमारांनी तिथल्या लोकांच्या दोन होड्यांपैकी एक घेऊन तिची नासधूस केली आणि दुसरीही मागितली. ब्रिग्ज यांना राहवले नाही आणि त्यांनी त्या मासेमारांना रागाने सुनावले. त्या यजमानांच्याच बाजूने बोलल्या होत्या, तरी पुढे कित्येक महिने त्या यजमानांनी त्यांना सौजन्याने दूर ठेवले. आपल्याकडे अशा रागाचे कौतुक झाले असते. रक्त दोन्हीकडे माणसाचेच आहे.

इतक्या लांब जायची गरजही नाही. महाजनांच्या बैठकीत आपल्याला राग येत नाही असे आपण लिहिलेले नाही. तिथे आपण तो आवरता, आणि तो आवरण्याची हातोटी आपल्याजवळ इतकी आहे की दुसरे लोक आपल्याकडे भांडणे घेऊन येतात. म्हणजे शिकण्याचे काम झालेले आहे. घरात आवरायचे नसते, हेही आपण कधीतरी शिकलात. बैठकीत राग आला की आपण नेमके काय करता, पाणी मागता, खाली पाहता, की पहिले वाक्य दुसऱ्याला बोलू देता, ते एकदा कागदावर लिहा आणि जेवणाच्या पाटावर तेच करा.

मुलाबद्दल आणखी एक. त्याने आजवर ताट उडताना पाहिले आहे. तासाभराने आपल्याला जी चुटपुट लागते ती त्याने कधी पाहिलेली नाही, कारण ती आपण खोलीत बसून एकट्याने सोसता. पुढच्या वेळी ती त्याच्यासमोर, त्याच्या आईला उद्देशून, साध्या शब्दांत बोलून दाखवा. आणि सांडलेले त्याच्या देखत आपणच गोळा करा.